लैंगिक गुन्हा केलेल्या व्यक्तीचं केस फॉर्म्युलेशन आणि जोखीम मूल्यमापन: पायरीपायरीने

न्यायालय असो, सुटकेचा निर्णय घेणारी समिती असो की प्रोबेशन अधिकारी, मानसशास्त्रज्ञापुढे येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘हा पुन्हा असं करेल का?’ त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. आपण सांगू शकतो ते असं: याच्यासारख्या व्यक्तींच्या गटात पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण साधारण किती असतं, या विशिष्ट माणसाच्या बाबतीत तो कोणाविरुद्ध, कोणत्या परिस्थितीत घडू शकतो, त्याआधी कोणती चिन्हं दिसतील आणि तो टाळायला कोणी काय करायचं.

पहिला भाग स्कोअरचा, बाकीचा फॉर्म्युलेशनचा, म्हणजे या माणसाकडून हे का आणि कसं घडलं याच्या सलग स्पष्टीकरणाचा. या क्षेत्रात दोन टोकं नेहमी दिसतात. काही जण स्कोअर काढून थांबतात, काही जण बालपणापासूनची सुंदर कहाणी लिहितात आणि मोजमापाला हातच लावत नाहीत. पहिल्याच्या अहवालावरून देखरेख कशावर ठेवायची ते कळत नाही, दुसऱ्याच्या अहवालावरून ती किती ठेवायची ते कळत नाही. दोन्ही कामं करायची, आणि याच क्रमाने करायची.

काम हाती घेण्यापूर्वी

मूल्यमापन कोण मागतंय आणि त्यावरून कोणता निर्णय होणार आहे, हे लेखी मागून घ्या. सुटकेचा निर्णय, उपचारगट निवडणं, मुलांना भेटण्याची परवानगी, देखरेखीची पातळी ठरवणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही ठिकाणी अहवाल वेगळा होतो.

गुन्हा अजून सिद्धच झाला नसेल तर जोखमीचा अहवाल देऊ नका. या माणसाने गुन्हा केला की नाही, हे कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी सांगू शकत नाही. ‘लैंगिक गुन्हेगाराचं व्यक्तिमत्त्व’ असा काही ठरावीक साचा नाही. तसा साचा असल्याच्या थाटात कोणी मत मागितलं तर स्पष्ट नकार द्यायचा.

तुम्ही त्याच व्यक्तीचे थेरपिस्ट असाल तर मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवा. आणि पहिल्या भेटीत, पहिला प्रश्न विचारण्याआधी, गोपनीयतेच्या मर्यादा साध्या भाषेत सांगा. ‘तुम्ही इथे जे सांगाल ते अहवालात येऊ शकतं. तो अहवाल अमुक लोक वाचतील. एखाद्या मुलाला किंवा कोणालाही धोका आहे असं मला कळलं, तर कायद्याप्रमाणे मला ते कळवावं लागेल. बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नाही बोललात तरी कागदपत्रांवरून अहवाल होऊ शकतो.’ हे सांगून झाल्यावर त्यांना ते त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. सही म्हणजे समज नव्हे.

आधी कागद, मग माणूस

मुलाखतीला कोऱ्या मनाने जावं, असं पुष्कळांना वाटतं. इथे ते चालत नाही. निकालपत्र, आरोपपत्र, पीडित व्यक्तीचा जबाब, आधीच्या गुन्ह्यांची नोंद, तुरुंगातल्या वर्तनाच्या नोंदी, वैद्यकीय कागद आणि आधीचे अहवाल, सगळं आधी वाचा. पीडित व्यक्तीचा जबाब स्वतः वाचा, दुसऱ्याने केलेल्या सारांशावर विसंबू नका. तो वाचणं जड जातं. पण नेमकं काय घडलं, किती काळ घडलं, गप्प बसवण्यासाठी काय सांगितलं गेलं, हे तिथेच असतं. कायद्याचं कलम एवढं सांगत नाही. एकाच कलमाखाली अगदी वेगळ्या वर्तनाची प्रकरणं येतात.

मग एक कालरेषा तयार करा, तीन रकान्यांची. एका रकान्यात आयुष्यातल्या घडामोडी (शाळा, नोकरी, लग्न, आजार, मृत्यू), दुसऱ्यात सगळी गुन्हेगारी वर्तणूक, तिसऱ्यात लैंगिक इतिहास. तिन्ही शेजारी शेजारी मांडले की कोणत्या काळात काय एकत्र आलं ते डोळ्यांना दिसतं, आणि मुलाखतीतले निम्मे प्रश्न तिथेच तयार होतात.

मुलाखत

गुन्ह्यापासून सुरुवात करू नका. बालपण, शिक्षण, काम, मैत्री, नाती, व्यसन आणि मग लैंगिक इतिहास असा क्रम ठेवा. लैंगिक प्रश्न रक्तदाबाबद्दल विचारावं तितक्या सपाट आवाजात विचारायचे. तुम्ही अवघडलात तर समोरचा त्याचा आडोसा घेतो. तपशील विचारताना मनाशी एक कसोटी ठेवा: या उत्तराने माझा कोणता निर्णय बदलणार आहे? बदलणार नसेल तर तो प्रश्न विचारू नका.

गुन्ह्याबद्दल ‘का केलंत?’ असं विचारलं की समर्थनं मिळतात. ‘कसं घडलं, कशानंतर काय’ असं विचारलं की साखळी मिळते. हा फरक कळावा म्हणून रचलेला एक संवाद देतो:

‘ते एकदम घडलं हो. माझ्या मनात काहीच नव्हतं.’
‘बरं. त्याआधीचा अर्धा तास सांगा. घरात कोण होतं?’
‘कोणीच नव्हतं.’
‘कोणी नसणार हे तुम्हाला केव्हा कळलं?’
बराच वेळ शांतता. मग, ‘आदल्या रात्री.’

आवाज न चढवता, आरोप न करता, ‘एकदम’ या शब्दामागची एक रात्र बाहेर आली. अशा वेळी जिंकल्यासारखा चेहरा करू नका. ‘आदल्या रात्री ते कळल्यावर मनात काय आलं?’ एवढंच विचारा आणि पुढे चला. मान डोलावून समर्थनांना दुजोराही द्यायचा नाही. ‘तुम्हाला तसं वाटलं’ आणि ‘तसं होतं’ यातला फरक तुमच्या वाक्यांत कायम राहिला पाहिजे.

नकाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण याच जागी सर्वांत जास्त अहवाल घसरतात. माणूस गुन्हा नाकारतो, पश्चात्ताप दाखवत नाही, म्हणून त्याची जोखीम जास्त, असं आपल्याला आतून वाटतं. संशोधन तसं सांगत नाही. कार्ल हॅन्सन आणि मोनिक ब्युसिएर या संशोधकांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. गुन्हा नाकारणं किंवा पीडित व्यक्तीबद्दल सहानुभूती नसणं यांचा पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याशी ठोस संबंध त्यात दिसला नाही. हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गों यांच्या २००५ च्या ८२ अभ्यासांच्या विश्लेषणातही चित्र तेच राहिलं. बालपणी स्वतःवर लैंगिक अत्याचार झालेला असणं, यावरूनही पुनरावृत्तीचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे नकाराची नोंद करा, पण जोखमीच्या खात्यात नाही, उपचारांच्या आणि देखरेखीच्या खात्यात. नाकारणाऱ्या माणसाकडून धोक्याच्या चिन्हांबद्दल प्रामाणिक माहिती मिळणार नाही, म्हणून माहितीचे इतर स्रोत वाढवावे लागतात. अश्रूंनाही हाच नियम लावायचा: मुलाखतीतला गहिवर म्हणजे कमी जोखीम नव्हे.

न बदलणाऱ्या घटकांचा स्कोअर

तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा ठरलेल्या नियमांनी केलेली बेरीज बहुधा जास्त अचूक ठरते, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्येच मांडली होती. या क्षेत्रातही अनुभव तोच आहे. सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे स्टॅटिक-९९आर. त्यात १० बाबी आहेत: सुटकेच्या वेळचं वय, जोडीदारासोबत सलग दोन वर्षं राहिल्याचा इतिहास, आताच्या आणि आधीच्या गुन्ह्यांतली लैंगिकेतर हिंसा, आधीचे लैंगिक गुन्हे, आधी किती वेळा शिक्षा सुनावली गेली, शारीरिक संपर्काविना केलेल्या लैंगिक गुन्ह्यातली शिक्षा आणि पीडितांबद्दल तीन प्रश्न: कोणी नात्याबाहेरचं, अनोळखी किंवा पुरुष होतं का. बेरीज उणे ३ ते १२ च्या दरम्यान येते.

हे साधन प्रौढ पुरुषांसाठी आहे. स्त्रियांसाठी ते वापरू नये. ज्याचा एकमेव गुन्हा बाल लैंगिक शोषणाचं साहित्य बाळगण्याचा आहे, त्याच्यासाठीही नाही. नियमपुस्तिका समोर ठेवून, अधिकृत नोंदींवरून गुण द्या. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळे गुण देऊन मग पडताळा करा.

एक रचलेलं उदाहरण घेऊ. ४१ वर्षांचा विवाहित पुरुष. शेजारची १२ वर्षांची मुलगी अभ्यासासाठी घरी यायची, तिच्यावर त्याने काही महिने लैंगिक अत्याचार केले. आधी कोणतीही शिक्षा नाही. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कुटुंबाने कुजबुजत तक्रार केली होती, पण पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. आता गुण देऊ. वय ४० ते ६० च्या दरम्यान, म्हणून उणे १. लग्न टिकलेलं, म्हणून ०. पीडित नात्याबाहेरची, म्हणून १. बाकी सगळीकडे ०. एकूण ०. वर्गवारीप्रमाणे ही जोखीम सरासरीपेक्षा कमी.

इथे वाचणारा चक्रावतो. इतका भयंकर गुन्हा आणि स्कोअर शून्य? पण स्कोअर गुन्ह्याचं गांभीर्य मोजत नाही, पुन्हा गुन्हा दाखल होण्याची शक्यता मोजतो. गांभीर्याचा हिशेब शिक्षेत होतो. अहवालात या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत लिहा, नाहीतर एकीचा रंग दुसरीला लागतो. पाच वर्षांपूर्वीची कुजबुज स्कोअरमध्ये मोजायची नाही, पण फॉर्म्युलेशनमधून वगळायचीही नाही.

आकड्यांच्या मर्यादा अहवालात उघडपणे लिहा. वर उल्लेख केलेल्या १९९८ च्या विश्लेषणात चार-पाच वर्षांच्या पाठपुराव्यात पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं प्रमाण १३.४ टक्के होतं, २००५ च्या विश्लेषणात पाच-सहा वर्षांत १३.७ टक्के. सर्वसाधारण समजुतीपेक्षा हे आकडे खूप कमी आहेत. पण ते नोंद झालेल्या गुन्ह्यांचे आहेत, आणि लैंगिक गुन्ह्यांपैकी मोठा हिस्सा कधी नोंदलाच जात नाही. अशा साधनांची अचूकता मध्यम असते. पुन्हा गुन्हा करणारा एक आणि न करणारा एक अशी जोडी घेतली, तर दहापैकी साधारण सात वेळा जास्त स्कोअर पहिल्याचा असतो. म्हणजे तीन वेळा तसं नसतं. शिवाय टक्केवारीचे तक्ते ज्या देशांतल्या माहितीवर बांधलेत, त्यांपेक्षा तुमचा गट वेगळा असेल तर टक्केवारी उतरवून घेऊ नका. ‘सरासरीपेक्षा कमी’ असा तुलनात्मक क्रम द्या.

बदलणारे घटक

स्कोअर जिथे थांबतो तिथून उपचार सुरू होतात. स्टेबल-२००७ या साधनातल्या १३ बाबी सावकाश बदलणाऱ्या आहेत: लैंगिक विचारांनी मन व्यापून राहणं, ताण घालवायला लैंगिकतेचा आधार, विकृत लैंगिक पसंती, नातं टिकवण्याची क्षमता, मुलांशी भावनिक जवळीक, स्त्रियांबद्दल वैरभाव, उतावळेपणा, समस्या सोडवण्याचं कच्चं कौशल्य, देखरेखीला सहकार्य आणि अशाच आणखी काही. अ‍ॅक्यूट-२००७ मधल्या ७ बाबी दिवसा-आठवड्यांत बदलतात: संभाव्य पीडितांपर्यंत पोहोच, चिडखोरपणा, लैंगिक विचारांचा जोर, देखरेख झुगारणं, भावनिक कोसळणं, आधार देणारी माणसं तुटणं, व्यसन.

गुण देताना पुरावा वर्तनाचा हवा. ‘उतावळा वाटतो’ असं लिहू नका. ‘दोन वर्षांत तीन नोकऱ्या भांडून सोडल्या’ असं लिहा.

मुलांवर अत्याचार करणारा प्रत्येक जण पेडोफाइल नसतो. पेडोफिलिया म्हणजे तारुण्यात न आलेल्या मुलांबद्दल टिकून राहणारं लैंगिक आकर्षण. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेप्रमाणे निदानासाठी ते किमान सहा महिने असावं लागतं. अत्याचार करणाऱ्या पुष्कळांमध्ये हे आकर्षण नसतं. त्यांच्या बाबतीत एकटेपणा, संधी, व्यसन, हक्काची भावना असं वेगळंच मिश्रण असतं. निदानाचं लेबल घाईने लावलं तर उपचार चुकीच्या दिशेने जातात आणि खरा रस्ता उघडाच राहतो.

फॉर्म्युलेशन लिहिणं

आता सगळं एका स्पष्टीकरणात गुंफायचं. पाच प्रश्नांची चौकट सोपी पडते: नेमकी समस्या काय, पार्श्वभूमीत काय होतं, ठिणगी कशाने पडली, ते चालू कशामुळे राहिलं आणि अडवणारं काय आहे. तिच्या जोडीला, अत्याचार घडण्यासाठी आधी काय काय पार व्हावं लागतं हे सांगणाऱ्या, संशोधक डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चार अटी घ्या: करण्याची इच्छा, मनातल्या अटकावावर मात, बाहेरच्या अटकावावर मात आणि मुलाच्या प्रतिकारावर मात. मानसशास्त्रज्ञ टोनी वॉर्ड आणि सहकाऱ्यांचं काम आणखी एक चांगला प्रश्न पुरवतं: या वर्तनातून हा माणूस कोणती गरज भागवू पाहत होता? हा प्रश्न विचारणं म्हणजे गुन्ह्याची भलामण नव्हे. ती गरज वैध मार्गाने कशी भागेल, हे ठरवल्याशिवाय उपचारांची योजना पोकळ राहते.

रकाने भरले म्हणजे फॉर्म्युलेशन झालं नाही. त्यातली वाक्यं ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांनी जोडली गेली पाहिजेत. आपल्या उदाहरणातल्या माणसाचं असं लिहिता येईल:

‘घरात भावना बोलून दाखवण्याची पद्धत नव्हती, मोठ्यांसमोर आपण कमी पडतो आणि लहानांमध्ये आपल्याला मान मिळतो, हे ते लवकर शिकले. नोकरी गेल्यावर पत्नीशी बोलणं तुटलं, त्यामुळे हा जुना कल बळावला. रात्री मद्य आणि पोर्नोग्राफी हा ताण हलका करण्याचा एकमेव मार्ग उरला. मुलगी कौतुकाने बोलायची. “तिलाही माझा सहवास आवडतो” असा अर्थ त्यांनी लावला आणि त्यामुळे मनातला अटकाव सैल झाला. पत्नी घरी नसेल अशाच वेळा ते ठरवत गेले. प्रत्येक घटनेनंतर थोडा काळ भीती वाटे. पण मुलगी गप्प राहिली, त्यामुळे ती ओसरली आणि वर्तन चालू राहिलं. पाच वर्षांपूर्वीची तक्रार खरी असल्यास हा कल नोकरी जाण्याच्या आधीचा ठरतो.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. चांगल्या फॉर्म्युलेशनला स्वतःच्या विरोधातला पुरावा शोधता आला पाहिजे. इथे दोन गृहीतकं आमनेसामने उभी आहेत: संकटात घसरलेला माणूस, की मुलांबद्दलचं जुनं आकर्षण असलेला माणूस. दोन्ही लिहा. कोणत्या माहितीने कोणतं पडेल हेही लिहा: जुन्या कुटुंबाशी अधिकृत मार्गाने झालेली चौकशी, जप्त उपकरणांवरच्या साहित्याचं स्वरूप, नोकरी सुरळीत असतानाचं त्याचं मुलांभोवतीचं वागणं. आवडत्या गृहीतकाच्या प्रेमात पडणं हा या कामातला कायमचा धोका आहे, आणि सहकाऱ्यासमोर मसुदा ठेवून ‘यात मोडण्यासारखं काय आहे?’ असं विचारणं हा त्यावरचा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला उपाय.

अडवणाऱ्या घटकांना अहवालात शेवटची एक ओळ देऊन भागत नाही. टिकणारं काम, सत्य माहीत असूनही सोबत राहणारा प्रौढ माणूस, उपचारांतला सहभाग, व्यसनमुक्ती यांचं वजन खरं असतं. सॅप्रॉफसारखी, अडवणारे घटक मोजणारी साधनं याचसाठी आहेत. बाहेर मोकळेपणी राहून गुन्ह्याविना गेलेला काळ तर फारच बोलका असतो. हॅन्सन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, समाजात गुन्ह्याविना गेलेल्या दर पाच वर्षांमागे जोखीम साधारण निम्म्यावर येत गेलेली दिसली. दहा वर्षांपूर्वीचा स्कोअर आज जसाच्या तसा उतरवणं म्हणूनच चूक ठरतं.

संभाव्य प्रसंग आणि त्यांवरची व्यवस्था

२००३ मधल्या आरएसव्हीपी या लैंगिक हिंसेच्या जोखमीचं मूल्यमापन करण्याच्या पद्धतीतला हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. पुन्हा गुन्हा झालाच तर तो कसा असेल, याची तीन-चार चित्रं रंगवायची: तसाच गुन्हा पुन्हा, अधिक गंभीर रूपात, किंवा वेगळ्याच वळणाने. प्रत्येक चित्रात पीडित कोण, इजा किती, किती लवकर, किती वेळा आणि शक्यता किती.

आपल्या उदाहरणात पहिलं चित्र असं: सुटकेनंतर काम मिळत नाही, पत्नी दूर राहते, मद्य परत सुरू होतं आणि ओळखीतल्या एखाद्या कुटुंबाला तो मुलांच्या अभ्यासात मदत देऊ करतो. धोक्याची घंटा मद्याच्या वेळी वाजायला हवी, मदत देऊ करण्याच्या वेळी फार उशीर झालेला असतो. अनोळखी मुलीवर रस्त्यात हल्ला, हे चित्र या माणसाच्या बाबतीत कमी संभवतं, आणि हेही लिहायचं. नाहीतर देखरेखीची सगळी ताकद चुकीच्या जागी खर्च होते.

प्रत्येक चित्रासमोर चार गोष्टी लिहा: लक्ष कोण आणि कशावर ठेवणार, कोणती बंधनं, कोणते उपचार, पीडित आणि संभाव्य पीडितांची सुरक्षितता कशी राखणार. चौथी गोष्ट बऱ्याच अहवालांतून गायब असते. ज्या मुलीला शेजारीच राहायचं आहे तिला सुटकेची तारीख आधी कळेल का, तो परत त्याच इमारतीत राहायला येणार आहे का, याचं उत्तर अहवालात असलंच पाहिजे. उपचारांची मात्रा जोखमीच्या प्रमाणात ठेवा. कमी जोखमीच्या माणसाला जास्त जोखमीच्या गटात दीर्घकाळ बसवल्याने फायदा होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

अहवालाची भाषा

‘ही व्यक्ती समाजाला धोकादायक आहे’ या वाक्यातून कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी: ‘सध्याची जोखीम याच प्रकारच्या गुन्हेगारांच्या सरासरीपेक्षा कमी आहे. मद्यपान पुन्हा सुरू झालं, वैवाहिक संपर्क तुटला आणि मुलांपर्यंत एकट्याने पोहोच मिळाली, तर ती वाढेल. यांपैकी पहिलं चिन्ह दिसताच पुनर्मूल्यमापन करावं.’ कोणती माहिती मिळाली नाही, कोणते कागद पाहायला दिले नाहीत, मुलाखत किती वेळ झाली, हे लिहा. शक्य असेल तिथे फॉर्म्युलेशन त्या व्यक्तीला वाचून दाखवा. तो कुठे अडतो, कुठे मान खाली घालतो, कुठे दुरुस्ती सुचवतो, हीसुद्धा माहितीच असते.

स्त्रिया, अल्पवयीन आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी प्रौढ पुरुषांची मापं लावू नका. स्त्रियांमध्ये लैंगिक गुन्ह्याची पुनरावृत्ती अगदी कमी, २०१० च्या एकत्रित विश्लेषणात ३ टक्क्यांहून कमी आढळली. अल्पवयीनांबाबत मायकेल काल्डवेल यांच्या २०१६ च्या विश्लेषणात ती ५ टक्क्यांच्या आसपास होती. शिवाय किशोरवय झपाट्याने बदलतं, त्यामुळे त्यांच्यावरचा अहवाल लवकर शिळा होतो.

अहवालावर पुनर्मूल्यमापनाची तारीख घाला. दिवसा-आठवड्यांत बदलणारे घटक प्रत्येक भेटीत पाहायचे. सावकाश बदलणारे घटक सहा महिने ते वर्षातून एकदा. स्टॅटिक स्कोअर नवा गुन्हा झाला किंवा वयाचा गट बदलला तर. आणि पत्ता, जोडीदार किंवा नोकरी बदलली की तारखेची वाट न पाहता फॉर्म्युलेशन पुन्हा उघडायचं.